खांद्याला बसेल ती आपली

परवा तू दुकानातून फोन केलास तेव्हा काउंटरपलीकडचा माणूस काय बोलत होता ते मला इकडे स्वच्छ ऐकू येत होतं. बाईमाणसासाठी हवी म्हटल्यावर त्यानं दुकानातली सगळ्यात हलकी रायफल काढून तुझ्या हातात दिली आणि तू म्हणालीस, "मावशी, अगदी काठीसारखी हलकी आहे गं, घेऊन टाकू?" मी "आज नको, थांब" एवढंच म्हटलं आणि तू हिरमुसलीस. ते मला कळलं. पण हे फोनवर दोन वाक्यांत सांगून होण्यासारखं नाही, म्हणून बसून लिहितेय. ऑगस्ट चालू आहे, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी आपल्या विस्कॉन्सिनचा नऊ दिवसांचा रायफलचा हंगाम सुरू होतो. हाताशी तीन महिने आहेत. घाई करायचं काही कारण नाही.

पहिली गोष्ट ही लक्षात घे की हाताला हलकी आणि खांद्याला हलकी या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचं आपसात वाकडं आहे. उचलताना जितकी हलकी, बार काढताना तितकी जड. गोळी पुढे जाते तशी बंदूक मागे येते, आणि मागे येणाऱ्या वस्तूचं वजन जितकं कमी तितकी ती जोरात येते. तू इंजिनिअर आहेस, गणित तुला माझ्याहून लवकर उमजेल. .३०-०६, ज्याला इथे सगळे थर्टी-ऑट-सिक्स म्हणतात, त्याचं १८० ग्रेन गोळीचं काडतूस आठ पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३.६ किलोच्या रायफलमधून उडवलं तर खांद्यावर साधारण २० फूट-पौंडांचा धक्का येतो. तेच काडतूस सहा पौंडांच्या रायफलमधून उडवलं की तो २७ च्या आसपास जातो. दोन पौंड वाचवले आणि धक्का एक तृतीयांशानं वाढवून घेतला. दुकानात रायफल रिकामी असते. तिथे फक्त वाचवलेले दोन पौंड जाणवतात, बाकीचं रानात कळतं.

मला ते १९८६ साली कळलं. लग्न होऊन इकडे येऊन सात वर्षं झाली होती. काकांना कारखान्यातल्या मित्रांनी शिकारीला न्यायला सुरुवात केली होती आणि मी घरी बसून त्या नऊ दिवसांचा राग राग करायचे. शेवटी म्हटलं, मीही येते. मला वेगळी रायफल कोण घेणार? काकांची .३०-०६ होती, तीच दिली. तिचा दस्ता माझ्या हाताला इतका लांब, की चापापर्यंत बोट पोचवायला मला खांदा पुढे काढून मान ताणावी लागायची. सराव म्हणून रेंजवर दहा गोळ्या मारल्या. तिसरीनंतर खांदा काळानिळा पडला आणि सातवीनंतर मी डोळे मिटून चाप ओढत होते. हे कुणाला दिसलं नाही, कारण बार होताना सगळे कागदाकडे बघतात, बाईच्या डोळ्यांकडे कोणी बघत नाही.

हंगामाच्या दुसऱ्या दिवशी साठ-पासष्ट यार्डांवर मादी उभी राहिली, अगदी आडवी, शांत. मी चाप ओढला आणि ओढता ओढता खांदा आक्रसला, डोळे मिटले. गोळी मागे, पोटात लागली. ती पळाली. आम्ही अंधार पडेपर्यंत रक्ताचे थेंब शोधत फिरलो, दुसऱ्या दिवशी दुपारी सीडरच्या दलदलीत ती सापडली. रात्रभर जिवंत होती हे बर्फावरच्या खुणांवरून कळत होतं. त्यानंतर कित्येक रात्री मला झोप लागली नाही. तुला हे सांगते आहे ते घाबरवायला नाही. रायफल निवडणं म्हणजे नेमकं काय निवडणं, ते त्या दिवशी मला समजलं म्हणून सांगते. बाईला तिच्या मापाची बंदूक न देणं यात बाईची गैरसोय होते हे खरंच, पण त्याचे भोग जनावराच्या वाट्याला येतात.

आमच्या शेजारी एक पोलिश घराण्यातली म्हातारी होती, या भागात पोलिश वस्ती बरीच जुनी. शेतकऱ्याची बायको, माझ्याहूनही बुटकी, आणि साठ वर्षं हरणाचं मांस आपल्या हातानं घरात आणलेली. मी स्वयंपाकघरात रडत बसलेली तिनं पाहिलं. तिनं समजूत घातली नाही. शिवणकामाची टेप आणली, मला उभं केलं आणि हाताचं माप घेतलं. आज मी तुला जे सांगतेय त्यातलं निम्मं तिचं आहे.

माप काय घ्यायचं, तर चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक रायफलींत ती साडेतेरा-पावणेचौदा इंच असते, म्हणजे मध्यम उंचीच्या पुरुषाचं माप. तुझी उंची पाच फूट दोन. तुला साडेबारा ते तेराच्या मध्ये कुठेतरी बसेल. ढोबळ मानानं बघायचं तर कोपर काटकोनात वाकव, दस्त्याची मागची बाजू कोपराच्या आतल्या खळगीत टेकव आणि बोटाचं पहिलं पेर चापावर आरामात येतं का बघ. पण यावर विसंबू नकोस, खरी परीक्षा खांद्यावरच. आणि इथेच तू दुकानात चुकलीस: टी-शर्टवर रायफल खांद्याला लावलीस. नोव्हेंबरात सकाळी सहाला उणे दहा सेल्सिअसही असू शकतं, अंगात थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर तो ढगळ कोट. त्यानं खांद्यापुढे अख्खा इंच वाढतो. ऑगस्टमध्ये नेमकी बसलेली रायफल नोव्हेंबरात लांब होते, वर आणताना काखेत कोटाला अडकते, आणि तेवढ्या धडपडीत हरीण निघून जातं.

आता डोळे मिटून बघायचं. रायफल रिकामी आहे याची स्वतः बोल्ट उघडून, चेंबरमध्ये करंगळी घालून खात्री करायची, दुकानदारानं केली असली तरी आपण पुन्हा करायची. मग समोरच्या भिंतीवर एक खूण धर, डोळे मीट, रायफल सहज वाटेल तशी खांद्याला आण, गाल टेकव, आणि मग डोळे उघड. दुर्बिणीतून पूर्ण गोल, उजळ चित्र दिसलं तर दस्ता तुझा. चंद्रकोरीसारखी काळी सावली दिसली, किंवा डोकं वरखाली करून चित्र शोधावं लागलं, तर ती दुसऱ्या कुणाची. पाच वेळा कर. एकदा जुळलं तर योगायोगही असू शकतो.

बाईच्या अंगाला पुरुषांचा दस्ता का बसत नाही, ते फक्त हाताच्या लांबीवर नाही. आपली मान त्या मानानं लांब, गालाचं हाड वर. त्यामुळे दस्त्याच्या ज्या वरच्या कडेवर गाल टेकायचा, ती आपल्याला खाली पडते. मग आपण गाल टेकवायचा सोडून हनुवटी टेकवतो, मान अधांतरी राहते आणि बार झाला की दस्ता गालाच्या हाडावर आदळतो. बायका सांगतात, खांद्यापेक्षा गाल जास्त दुखला, ते त्यामुळे. याला उपाय सोपा आहे: कड उंच करायची गादी मिळते, पट्ट्यानं किंवा बुटासारख्या नाडीनं बांधायची. वीस-तीस डॉलरांची वस्तू, पण कित्येक जणींना तिच्यामुळे मारता यायला लागलं.

दुसरं, दस्त्याचं खालचं टोक. पुरुषाच्या सपाट छातीवर मागची बाजू पूर्ण टेकते. आपल्याला ते खालचं टोक छातीत रुततं, आणि ते टाळायला बायका रायफल खांद्याच्या खोबणीतून बाहेर, दंडावर सरकवतात. दंडावर घेतलेला धक्का जास्त लागतो आणि नेमही डळमळतो. चांगला बंदूक-कारागीर मागची बाजू जराशी तिरकी कापून देतो, त्यानं ते टोक आत जातं. अजून एक गोष्ट कोणी पुरुष तुला सांगणार नाही, कारण त्याला ती माहीतच नसते: ब्रेसियरच्या पट्टीचा धातूचा किंवा प्लास्टिकचा हुक नेमका त्या खोबणीत येतो. दस्त्याखाली तो आला की बार झाल्यावर कातडीत ठसा उमटतो. त्या दिवशी खेळाची, पाठीवर पट्ट्या जाणारी घालावी. पिशवीचा पट्टाही त्या खांद्यावर नको. केस घट्ट बांधून टोपीच्या आत, बोल्टमध्ये एकदा बट अडकली की कळतं.

दस्ता कापून घ्यायची वेळ आली तर लाकडी दस्ता कापणं सोपं जातं. प्लास्टिकचे पुष्कळसे आतून पोकळ असतात, त्यांना मागून तुकडे जोडून लांबी कमीजास्त करायची सोय असेल तर तेच बरं. लाकडाचा कापलेला तुकडा कारागिराकडून मागून घे आणि नीट ठेव. माझा अजून शिवणाच्या डब्यात आहे. उद्या रायफल तुझ्या उंच मुलाकडे गेली तर तो परत बसवता येईल.

डोळ्याचं राहिलं. दोन्ही हात समोर ताठ कर, अंगठ्यांच्या आणि बोटांच्या मध्ये लहानसं छिद्र ठेव, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबचं झाड बघ आणि झाड न हरवता हात चेहऱ्याकडे आण. छिद्र ज्या डोळ्यापाशी येईल तो तुझा राजा डोळा. तू उजखोरी असून डोळा डावा निघाला, तर डाव्या खांद्यावर शिक. आत्ता तुला कसलीच सवय नाही, त्यामुळे जड जाणार नाही. डाव्या हाताच्या बोल्टच्या रायफली मिळतात. ही परीक्षा पैसे देण्याच्या आधी करायची.

मग काडतूस कुठलं? काकांचे मित्र तुला अजूनही .३०-०६ किंवा .३०८ सांगतील. दोन्ही उत्तम, पण हरणाला तेवढ्याची गरज नाही. आपल्याकडचं पांढऱ्या शेपटीचं हरीण काही रेडा नव्हे. मादी सव्वाशे-दीडशे पौंडांची, फुप्फुसं-हृदयाची जागा आठ-नऊ इंचांची. तिथे नेमकी गोळी गेली की काम होतं, आणि नेमकी जायला बाईला डोळे उघडे ठेवता आले पाहिजेत. धक्का १५ फूट-पौंडांच्या आत राहील असं बघ. माझ्या पाहण्यात त्याच्यावर गेलं की नवशिक्यांतले बहुतेक, बाई असो वा बाप्या, दचकायला लागतात.

.२४३ विंचेस्टर १९५५ पासून आहे. साडेसात पौंडांच्या रायफलमध्ये धक्का नऊच्या आत, अगदी सहा पौंडांच्या रायफलमध्येही अकराच्या आसपास. तुला फक्त हरीणच मारायचं असेल तर हे पुरे. फक्त गोळी चांगली घे, ९५-१०० ग्रेनची, आत जाऊन फुटून भुगा न होणारी. (पंधरा ग्रेन म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम, म्हणजे ती सहा-साडेसहा ग्रॅमची झाली.) ६.५ क्रीडमूर २००७ चं, हॉर्नाडीनं काढलेलं, धक्का बाराच्या जवळपास, काडतुसं कुठल्याही दुकानात. नवीन पिढी त्यावर जीव टाकते आणि त्यात चूक काही नाही.

पण माझं मन विचारशील तर ७ एमएम-०८. १४० ग्रेनची गोळी, आठ पौंडांत धक्का साडेबारा-तेरा, सात पौंडांत चौदाच्या वर किंचित. हरणाला भरपूर, आणि कधी कोलोरॅडोत एल्कच्या मागे गेलीस तर अंतर जवळ ठेवून तिथेही चालतं. हे रेमिंग्टननं १९८० मध्ये बाजारात आणलं, पण गुण जुनाच आहे: १८९२ च्या ७x५७ माउझरचं हे जवळजवळ जुळं भावंड. आणि त्या माउझरलाच इंग्रज .२७५ रिग्बी म्हणत. लहानपणी तू माझ्या मांडीवर बसून जिम कॉर्बेटच्या गोष्टी ऐकायचीस, आठवतं? चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ साली त्याला जी रायफल भेट मिळाली, ती .२७५ रिग्बीची होती. इकडे अमेरिकेत जॅक ओकॉनर हा शिकारीवर लिहिणारा मोठा लेखक झाला, त्याच्या बायकोची, एलिनॉरची, लाडकी रायफल ७x५७ चीच. हलकी, कमी धक्क्याची, आणि तिनं जगभर मोठमोठी जनावरं मारली. दुकानातला माणूस "एवढंसं काडतूस?" म्हणाला तर तुझ्या मनात ही दोन नावं असू देत. एक उणं आहे ते सांगते, ७ एमएम-०८ ची काडतुसं प्रत्येक गावच्या दुकानात नसतात. हंगामाच्या आधीच पाच-सहा डबे घेऊन ठेवायचे, सगळे एकाच प्रकारचे.

गोळी शिशाऐवजी तांब्याची मिळाली तर ती घे. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून लांब मांसात पसरतात, डोळ्यांना दिसत नाहीत. तुझ्या घरात लहान पोर आहे, ते मांस तोही खाणार.

आता वजनाकडे पुन्हा येऊ, कारण तुझा प्रश्न तोच होता. रायफलीवर लिहिलेलं वजन नुसत्या रायफलीचं असतं. दुर्बीण बारा ते सोळा औंस, तिच्या कड्या, पट्टा, चार काडतुसं: सव्वा-दीड पौंड सहज वाढतो. म्हणजे साडेपाच-सहा पौंडांची घेतलीस की रानात सात-साडेसातची होते. तुझ्या अंगकाठीला आणि वर सांगितलेल्या काडतुसांना हे वजन मला योग्य वाटतं. हात भरून येत नाहीत, खांदा सोलवटत नाही, आणि थोडं वजन पुढच्या हातात असलं की नळी थरथरत नाही. अगदी हलकी रायफल श्वासाबरोबर, छातीच्या ठोक्याबरोबर हलते. धापा टाकत मचाणावर चढून बसल्यावर तर फारच.

किंबरची मॉन्टाना नुसती पाच-सव्वापाच पौंडांची आहे. ती ज्यांना दिवसभर दहा हजार फुटांवर चढायचंय त्यांच्यासाठी. तुला गाडी लावून अर्धा मैल चालायचं आणि चार तास बसायचंय. चालण्यासाठी हलकी घेऊन बसण्यात तोटा सोसायचा, हा हिशेब मला पटत नाही.

नावं विचारतेस तर सांगते, पण हातात घेतल्याशिवाय एकही घेऊ नकोस. रुगर अमेरिकन कॉम्पॅक्ट: साडेबारा इंचांचा दस्ता, सहा पौंडांच्या आसपास, किमतीला हलकी, दिसायला साधी, नेमाला चोख. पहिली रायफल म्हणून मी बऱ्याच जणींना हीच सांगते. फिनलंडची टिक्का टी-थ्री-एक्स थोडी महाग, पण तिचा बोल्ट लोण्यासारखा सरकतो, कॉम्पॅक्टमध्ये दस्त्याची लांबी वाढवायची सोयही आहे. सॅव्हेजनं लेडी हंटर काढली आणि वेदरबीनं कॅमिला. या दोन्ही खरोखर बायकांच्या अंगाचा विचार करून घडवलेल्या: गालाची कड उंच, पकड बारीक, कॅमिलाचा दस्ता तेरा इंचांचा. कॅमिला हे रॉय वेदरबीच्या बायकोचं नाव. सेकंडहँड मिळाली तर या दोन मी आधी बघेन.

बायकांसाठी म्हणून विकलेल्या सगळ्याच तशा नसतात. पुष्कळदा पुरुषांचीच रायफल, वर गुलाबी रंग. रंगाला माझी हरकत नाही. नारिंगीबरोबर झगझगीत गुलाबी कपडेही शिकारीत चालतील असा कायदा सगळ्यात आधी आपल्या विस्कॉन्सिननंच २०१६ मध्ये केला, आणि गुलाबी आवडत असेल तर खुशाल घाल. पण रायफलीला टेप लाव. टेपला रंग दिसत नाही.

मुलांसाठीच्या, 'यूथ' लिहिलेल्या रायफली बघायला लाजू नकोस. दस्ता आखूड असतो आणि स्वस्तही पडतात. पण गालाची कड बहुधा खालीच असते, ती गादी लावून वर घ्यावी लागेल.

लिव्हर ॲक्शनची .३०-३० तुला कोणीतरी प्रेमानं देऊ करेल, इथल्या प्रत्येक घरात आजोबांची एक असते. देखणी, आटोपशीर, दाट रानात उत्तम. पण जुन्यांची मागची बाजू कडक असते, रबरी गादी नसते, आणि गारठलेल्या अंगठ्यानं घोडा अलगद खाली आणणं नवशिक्याच्या हाताचं काम नव्हे. पहिली रायफल बोल्टचीच घे. उघडली की आत काय आहे ते समोरच्यालाही दिसतं.

नळी वीस-बावीस इंचांची बघ. माझी रेमिंग्टनची मॉडेल सेव्हन साडेअठरा इंचांची आहे, झाडीत सुटसुटीत पण कानठळ्या बसवते. धक्का कमी करायला नळीच्या तोंडाला ब्रेक लावून मिळतो. काम करतो, पण आवाज बाजूला फेकतो, आणि रायफलचा आवाज तसाही १४० डेसिबलच्या वर असतो, म्हणजे एका बारातही कान जाऊ शकतो. काकांना आता डाव्या कानानं नीट ऐकू येत नाही. त्या काळी कोणी कानात काही घालत नसे. रेंजवर आत बोळे आणि वरून मफ, दोन्ही. कान झाकले की धक्काही कमी वाटतो, कारण निम्मं दचकणं आवाजाचंच असतं.

दुर्बीण साधी, दोन ते सात किंवा तीन ते नऊ पट. रानात कायम सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवायची, नाहीतर समोर नुसती तपकिरी केसांची भिंत दिसते. डोळा काचेपासून साडेतीन इंच लांब. आखूड दस्त्यावर दुर्बीण बसवून घेताना तुझा डोळा धरून बसवून घे, दुकानदाराचा नव्हे. भुवईवर चंद्रकोर कोरून घेतलेल्या बायका मी पाहिल्यात.

चाप तीन-साडेतीन पौंडांत सुटेल असा. त्याहून कडक चाप बारीक बोटांच्या बाईला पूर्ण हातानं ओढावा लागतो आणि नळी बाजूला जाते.

पैसे सगळे रायफलीत घालू नकोस. पाच-सहाशे डॉलरांची रायफल, दोन-अडीचशेची दुर्बीण, आणि उरलेल्यातून एक .२२ ची रायफल आणि भरपूर गोळ्या. सप्टेंबरभर फक्त .२२ मार. धक्का नाही, आवाज थोडा, बोटाला आणि श्वासाला वळण लागतं. घरी मोठ्या रायफलीत पितळी किंवा प्लास्टिकची खोटी काडतुसं घालून रोज दहा वेळा चाप ओढायचा, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. ऑक्टोबरात मोठी रायफल, पण एका बैठकीत दहा-बारा गोळ्यांवर नाही. खांदा दुखायच्या आधी उठायचं. आणि कोणालातरी तुझ्या मॅगझिनमध्ये तुला न सांगता एखादं खोटं काडतूस घालायला सांग. बार झालाच नाही आणि तरीही नळी खाली गेली, तर तू दचकतेयस. मग पुन्हा .२२ कडे. यात कमीपणा नाही, मी सत्तरीला आले तरी दर वर्षी हे करते.

नऊ इंची कागदी ताटली लाव. टेबलावर टेकून नाही, जसं रानात बसणार तसं बसून, कोट घालून, पाच गोळ्या. पाचही ताटलीत जातात ते अंतर तुझं. साठ यार्ड असेल तर साठ, त्या वर्षी एकसष्टाव्यावरचं हरीण तुझं नाही. आपल्या रानात शंभराच्या पुढे क्वचितच मारावं लागतं.

कायद्याचं तुझं सोपं आहे. तुझं ग्रीन कार्ड झालंय, दुकानात फॉर्म भरून तपासणी झाली की रायफल मिळेल. तुझ्या मैत्रिणी एच-वन-बीवर आहेत, त्यांना मात्र आधीच सांग: व्हिसावरच्या माणसाला इथे बंदूक बाळगायला संघराज्याच्या कायद्यानं बंदी आहे, वैध शिकार परवाना हातात असणं हा त्यातला एक अपवाद. दुसऱ्याची रायफल रेंजवर हातात घ्यायच्या आधीसुद्धा हे बघायचं. आणि १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला विस्कॉन्सिनमध्ये परवान्यासाठी सुरक्षिततेचा वर्ग करावा लागतो. वर्ग लवकर भरतात, आजच नाव घाल. तिथे चार नियम पाठ करून घेतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, नळी सुरक्षित दिशेलाच, नेम कशावर आणि त्याच्या मागे काय आहे हे पक्कं ठाऊक हवं, आणि मारायच्या क्षणापर्यंत बोट चापाच्या कड्याबाहेर. जमलं तर 'बिकमिंग ॲन आउटडोअर्स-वुमन'च्या शिबिरालाही जा. ते १९९१ मध्ये इथेच, स्टीव्हन्स पॉइंटच्या विद्यापीठात ख्रिस्टीन थॉमस बाईंनी सुरू केलं. तिथे शंभर प्रश्न विचारले तरी कोणी हसत नाही, आणि वेगवेगळ्या रायफली हाताळता येतात.

तुझ्या आईला हे सगळं कसं सांगायचं म्हणून तू विचारलंस. तिला आमच्या आजोबांची आठवण करून दे. कुडाळकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची त्यांची बंदूक माजघरात खुंटीवर असायची आणि आम्हा मुलींना तिच्याखालून जायचीही मनाई होती. डुक्कर भातात शिरलं की ते एकटे जायचे, आणि मारलं तर त्या रात्री जेवायचे नाहीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तिकडे शिकारीची दारं मिटत गेली, ते योग्यच झालं. तिकडे जनावरं उरली नव्हती. इथे उलट आहे: लांडगे आता मुख्यतः उत्तरेच्या आणि मध्य भागातल्या रानांत, बाकीकडे हरणं वाढत जातात, मक्याची शेतं खातात, रस्त्यावर गाड्यांखाली येतात. आणि इथे प्रत्येक रायफल आणि काडतुसामागे कारखान्याकडून ११ टक्के कर घेतात, १९३७ च्या कायद्यानं तो वन्यजीवांच्या कामाला जातो. हे तिला सांग. पटलं नाही तर वाद घालू नकोस, मला फोन करायला सांग.

या शनिवारी इकडेच ये. दुकानातून काही घेऊन येऊ नकोस. माझी मॉडेल सेव्हन मी काढून, बोल्ट उघडून टेबलावर ठेवते. शेजारच्या त्या म्हातारीची टेप अजून माझ्याकडे आहे, शिवाय गालाच्या गाद्या दोन-तीन जाडीच्या, दस्त्यामागे लावायचे रबरी तुकडे पाव आणि अर्ध्या इंचाचे. तुझं माप कागदावर लिहून देते, तो कागद घेऊन मग दुकानात जाऊ, मीही येईन. आणि येताना तो जाड कोट आण, आतल्या स्वेटरसकट. उकडलं तरी चालेल, तो घालूनच मोजायचंय.